कोकोनीस ही मधली पायरी आहे का? डायटमच्या कवचावरून नातं कसं लावायचं?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, बॉटनीत एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. डेझर्टेशनसाठी आसपासच्या पाण्यातले डायटम, म्हणजे सिलिकेचं कवच असलेली एकपेशीय शैवालं, घेतले आहेत. नमुने तीन ठिकाणचे: आजवा सरोवराच्या बांधाचे दगड, चांदोदला नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्या आणि आमची विश्वामित्री. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरून दगड घासायचा प्रश्नच येत नाही. काळाघोडा पुलाजवळ वरून दोरीला आकडा बांधून बुडालेल्या गवताचे देठ ओढून घेतले आणि त्यांच्यावरचा तपकिरी थर खरवडला.

आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम हायड्रोजन पेरॉक्साइड, मग डिस्टिल्ड पाण्याने परत परत धुणं, असं करून कवचं स्वच्छ केली. स्लाइड डीपीएक्स या माध्यमात बसवल्या आहेत आणि शंभराच्या ऑइल लेन्सखाली बघते.

जे सापडलं त्याची चित्रं काढून खोलीच्या भिंतीवर एका ओळीत चिकटवली आहेत. डावीकडे गोल: आजव्याचा ऑलाकोसायरा ग्रॅन्युलाटा आणि विश्वामित्रीतला सायक्लोटेला मेनेघिनियाना. मग लांब सुईसारखा उल्नारिया उल्ना, ज्याला मधली फट, म्हणजे पेशीला सरकायला लागणारी रॅफी, नाहीच. मग देठांवर चिकटलेला कोकोनीस प्लासेंट्युला, ज्याच्या एका व्हॉल्व्हला, म्हणजे कवचाच्या दोन भागांपैकी एकाला, रॅफी आहे आणि दुसऱ्याला नाही. चांदोदच्या दगडांवरचा बारीक अकनँथिडियमही तसाच. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्हना रॅफी असलेले नॅव्हिक्युला, गोम्फोनेमा, सिम्बेला. आणि शेवटी निट्झशिया पालेआ, ज्याची रॅफी मध्यावर नसून कडेच्या उंचवट्यात गेलेली असते. विश्वामित्रीच्या नमुन्यात हाच सगळीकडे भरलाय.

आता ही ओळ रोज बघून बघून माझ्या मनात असं बसलंय की गोलापासून लांबट, मग अर्धी रॅफी, मग पूर्ण रॅफी, असा विकासाचा जिनाच आहे. कोकोनीस तर अगदी मधली पायरी वाटते. पण हे मला कुठे स्पष्ट लिहिलेलं सापडत नाही. उलट एका नव्या लेखात वाचलं की सायक्लोटेला आणि ऑलाकोसायरा, दोन्ही गोल असूनही, एकमेकांचे जवळचे नाहीत. मग आकाराला अर्थ काय राहिला? त्यातून एकाच उल्नारियाची लांबी एका स्लाइडवर दुपटीने कमी-जास्त दिसते.

ओळख पटवायची किल्ली वापरून नाव लावता येतं मला. पण ते नाव त्या कुळात का आहे हे सांगता येत नाही. कुणी नीट समजावेल का? कवचात नेमकं काय बघायचं?

दांडियाबाजारचे सर

मी बडोद्यातच बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुला 'तू' म्हणतो, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या असायच्या. प्रश्न वाचून फार बरं वाटलं. नाव लावून थांबणारेच जास्त भेटतात.

तुझ्या ओळीची दोन टोकं भक्कम आहेत, ती काढू नकोस. जीवाश्मांचा क्रम साधारण तसाच येतो. चांगली जपलेली सर्वांत जुनी डायटम-कवचं अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या गाळात सापडली, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीची, आणि ती सेंट्रिक, म्हणजे गोल घडणीची, आहेत. रॅफी नसलेले लांबट डायटम क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, उत्तरार्धात दिसू लागतात, रॅफी असलेले त्यानंतर. म्हणजे गोल आधी, लांबट नंतर, रॅफी सर्वांत शेवटी, एवढं धरून चाल. मात्र ११ कोटींच्या त्या थरातच डायटम बऱ्यापैकी वेगवेगळे झालेले दिसतात, म्हणजे सुरुवात त्याच्याही आधीची. डायटमचा सिलिका जमिनीत गाडला गेला की विरघळतो, त्याचं रूप बदलतं, शेवटी गारगोटी होते आणि नक्षी पुसली जाते. जुनं पान कोरं दिसतं ते त्यामुळे.

पण कोकोनीसला त्या पायरीवरून उतरव. तो मधला नाही.

हे कळायला कवच कसं घडतं ते आधी डोळ्यांसमोर आण. डायटमचं कवच म्हणजे डबा आणि झाकण, हे तू पहिल्या वर्षापासून ऐकलंयस. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक लेकीला आईचा एक भाग मिळतो, तिचं झाकण म्हणून, आणि आतला नवा भाग ती स्वतः घडवते. तो बाहेर घडत नाही, पेशीच्या आत एका पातळ पिशवीत सिलिका बसत जाते. रॅफीवाल्या डायटमात सुरुवात मध्यावरच्या एका बरगडीने होते. ती बरगडी वाढत वळते आणि दुसऱ्या बाजूने परत येऊन पहिलीला भेटते, मध्ये जी जागा राहते ती रॅफीची फट. म्हणून रॅफीच्या दोन बाजू सारख्या नसतात: एक आधी झालेली, एक मागाहून. मागाहूनच्या बाजूला आडव्या रेघांची शिस्त एक-दोन ठिकाणी थोडी बिघडलेली असते. त्याला फॉइग्टचे खंड म्हणतात. चांगल्या नॅव्हिक्युलावर शोध, मोठ्या पेशीत दिसायला हरकत नाही.

आता अकनँथिस गटातल्या डायटमांत, आणि तुझ्या चांदोदच्या अकनँथिडियमचाच जवळचा भाऊबंद त्यात होता, ही घडण पायरीपायरीने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. १९८०च्या दशकातलं ते काम. दिसलं असं की ज्या व्हॉल्व्हला आपण 'रॅफी नसलेला' म्हणतो, त्यातही आधी रॅफीची फट तयार होते, आणि मग ती सिलिकेने बुजवली जाते! ही गोष्ट मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. जी गोष्ट अजून आलेलीच नाही ती कोणी बुजवत नाही. म्हणजे या डायटमांचे पूर्वज दोन्ही बाजूंना रॅफी असलेलेच होते, आणि एका बाजूची रॅफी नंतर गेली. देठावर किंवा दगडावर कायम एकच बाजू टेकवून जगणाऱ्या पेशीला वरच्या बाजूच्या रॅफीचा फारसा उपयोग राहत नसावा, हा माझा तर्क.

आणि एवढ्यावर थांबू नकोस. अशी एकाच बाजूची रॅफी एकदाच झालेली नाही. जनुकांवरून नात्यांची झाडं काढली तेव्हा अकनँथिडियम सिम्बेलाच्या जवळ जाऊन बसला, आणि खरा अकनँथिस दुसऱ्याच फांदीवर गेला. म्हणजे पूर्वी ज्या सगळ्यांना 'एका रॅफीचे' म्हणून एका पेटीत टाकलं होतं, ती पेटी नात्याची नव्हतीच. तुझ्या भिंतीवर अकनँथिडियमला उचलून सिम्बेला-गोम्फोनेमाच्या शेजारी लाव, आणि मग त्या सगळ्यांकडे पुन्हा बघ.

सिम्बेला चंद्रकोरीसारखा वाकलेला, गोम्फोनेमा एका टोकाला रुंद आणि एका टोकाला निमुळता. बाह्यरेषेवरून यांना कुणी नातेवाईक म्हणणार नाही. पण आहेत. दोघांतही श्लेष्माचा देठ बाहेर सोडणारं बारीक छिद्रांचं क्षेत्र टोकाशी असतं, गोम्फोनेमात ते निमुळत्या टोकाला. आणि अँफोरा, जो सिम्बेलासारखाच वाकडा दिसतो, तो वेगळ्या घराण्यातला. त्याची पेशीच पाचरीच्या आकाराची, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्हच्या रॅफी एकाच बाजूने दिसतात. वाकडेपणा दोघांना निरनिराळ्या वाटेने आला.

तुझा लांबीचा प्रश्न वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा. नवा व्हॉल्व्ह जुन्याच्या आत घडतो म्हणजे तो थोडा लहान, आणि एका ओळीतल्या पेशी पिढ्यान्पिढ्या लहान होत जातात. मॅकडोनाल्ड आणि फिट्झर यांनी १८६९मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं. पुरेशी लहान झाली की लैंगिक प्रजनन होतं, त्यातून झालेली पेशी, म्हणजे ऑक्झोस्पोर, फुगते आणि आकार पुन्हा मोठ्यापासून सुरू होतो. लांबट डायटमात लांबी जास्त घटते, रुंदी कमी, त्यामुळे एकाच जातीची म्हातारी पेशी आखूड आणि बुटकी दिसते. जुन्या काळी अशा आखूड पेशींना वेगळी जात म्हणून नावं देण्याचे प्रकार झाले. म्हणून एका पेशीचं चित्र कधीच काढू नकोस. एका जातीच्या मोठ्यापासून लहानापर्यंतच्या पेशी एका पानावर काढ आणि दहा मायक्रोमीटरमध्ये किती रेघा बसतात ते सगळ्यांवर मोज. लांबीपेक्षा तो आकडा पुष्कळ जास्त स्थिर राहतो.

सायक्लोटेलाबद्दल कुणी तरुण माणूस माझ्यापेक्षा नीट सांगेल.

चतु:शृंगी

सरांनी कोकोनीसचं जे लिहिलंय त्यात एक शब्दही घालायची गरज नाही. मी पुण्यात डायटमवरच काम करते, सायक्लोटेलाचं मी सांगते.

गोल दिसणं ही जुनी, पूर्वजांकडून आलेली गोष्ट आहे. दोघांकडे ती असली तर त्यावरून एवढंच कळतं की दोघेही डायटम आहेत. नातं ठरतं ते कुणाकडे नवीन काय आलं त्यावरून. सायक्लोटेलाच्या कडेला बारीक नळ्या असतात, फल्टोपोर्ट्युला म्हणतात त्यांना, आतल्या बाजूने त्यांना छोटे आधारखांब असतात. या नळ्यांमधून कायटिनचे धागे बाहेर पडतात, पाण्यात तरंगताना ते धागे उपयोगी पडत असावेत. ही रचना फक्त थॅलॅसिओसायरेलीस या एका गणातच आहे, दुसऱ्या कुठल्याही डायटमात नाही. ऑलाकोसायरात ती शोधूनही सापडणार नाही, त्याच्याकडे फक्त रिमोपोर्ट्युला, म्हणजे आतून ओठासारखी फट असलेली नळी आहे, जी डायटमांत पुष्कळ ठिकाणी दिसते.

१९९०च्या दशकापासून जनुकीय झाडं यायला लागली तेव्हा सायक्लोटेलाचा गण द्विध्रुवी, लांबोळक्या सेंट्रिकांच्या जवळ गेला. म्हणजे विश्वामित्रीतला सायक्लोटेला आजव्याच्या ऑलाकोसायरापेक्षा तुझ्या सुईसारख्या उल्नारियाच्या जास्त जवळचा आहे! जुन्या पुस्तकांत सेंट्रिक आणि पेनेट, म्हणजे गोल आणि लांबट, असे सरळ दोन भाग मिळतील, शुटने १८९६मध्ये केलेले. १९९०च्या राउंड, क्रॉफर्ड आणि मान यांच्या मांडणीत तीन वर्ग झाले. नंतर मेडलिन आणि काझमार्स्का यांनी २००४मध्ये ध्रुवी सेंट्रिकांचा वेगळा वर्ग केला आणि सायक्लोटेला त्यात गेला. हा वर्ग खरोखर एका पूर्वजाचा आहे की नाही यावर अजून वाद आहे, व्हायवात विचारलं तर दोन्ही बाजू सांग.

सरांशी एका ठिकाणी थोडं भांडते. सर, पूर्वी बहुतेक शिकवलं जायचं की रिमोपोर्ट्युलापासूनच रॅफी आली. या मताला युनोशियाचा आधार दिला जातो. त्याची रॅफी टोकांशी अगदी आखूड असते आणि रिमोपोर्ट्युलाही शिल्लक असते. पण दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर शेजारी शेजारी असतील तर 'एकाची दुसरी झाली' म्हणणं मला जड जातं. युनोशिया रॅफीवाल्यांच्या झाडात बुडाशी येतो हे खरं, तेवढंच मी ठामपणे सांगेन. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी आवडतं. बडोद्यात कदाचित मिळणार नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गेलीस तर जांभ्याच्या कातळावरच्या डबक्यातलं पाणी एका बाटलीत आण.

आता तुझ्या पद्धतीबद्दल, थोडक्यात पण नक्की कर:

डीपीएक्स सोड. डायटमच्या सिलिकेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, साधारण १.४३, डीपीएक्सचा १.५२ च्या आसपास. फरक कमी म्हणून रेघा पुसट दिसतात. नॅफ्रॅक्ससारखं माध्यम १.७ च्या वर असतं, त्यात कवच लखलखीत उठून दिसतं. आणि ऑइल लेन्सलाही मर्यादा आहेच, पाव मायक्रोमीटरच्या आसपास दोन रेघा वेगळ्या दिसणं बंद होतं. एकोणिसाव्या शतकात लेन्स तपासायला डायटमच वापरायचे, अँफिप्ल्युरा पेल्युसिडाच्या रेघा दिसल्या तर लेन्स चांगली. फल्टोपोर्ट्युलाची आतली बाजू बघायला मात्र स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागेल. थोडे निवडक नमुने तिथे न्यायची परवानगी काढ.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आम्लात टाकायच्या आधी जिवंत नमुना बघ. कृपया बघ! खऱ्या नॅव्हिक्युलात दोन हरितलवकं, कमरेच्या, म्हणजे दोन व्हॉल्व्ह जुळतात त्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना एकेक. सेलॅफोरात एकच, इंग्रजी एचच्या आकाराचं. कवचाची बाह्यरेषा दोघांचीही सारखी असते, त्यामुळे सेलॅफोराचे कित्येक डायटम वर्षानुवर्षं नॅव्हिक्युलात पडून होते. मेरेश्कोव्स्कीने १९०२मध्येच हरितलवकांवरून सेलॅफोरा वेगळा काढला होता. पण सगळे आम्लाने धुतलेली कवचंच बघत राहिले, आणि ते नाव नीट वापरात यायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. तुझ्या 'नॅव्हिक्युला'त एखादा सेलॅफोरा नक्की असेल.

एच. पी. गांधींचं मध्य गुजरातच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवरचं १९९८चं पुस्तक तुझ्या हाताशी असेलच. नसेल तर आधी ते मिळव. गांधींनी पन्हाळगडावरच्या डायटमांवरही १९५९मध्ये लिहिलंय. त्यांची चित्रं आजही उपयोगाची आहेत, पण वंशांची नावं जुन्या पद्धतीची आहेत. तेव्हा नॅव्हिक्युला म्हणजे फार मोठं पोतं होतं, त्यातून आता कितीतरी वंश वेगळे निघाले. प्रत्येक नावाचं आजचं नाव तपासूनच यादीत घाल.

हौशी_भिंग

मी बाहेरचा माणूस, घरी जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि नागरवाड्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बघतो. एक विचारू? डायटमच्या आधी काय होतं? सिलिकाचं कवच एकदम कुठून आलं?

चतु:शृंगी

छान प्रश्न. आजच्या जिवंत जीवांत डायटमचे सर्वांत जवळचे नातेवाईक बोलिडोफायसी हा गट. समुद्रातले अगदी बारीक, काही मायक्रोमीटरचे जीव. त्यातले काही नुसते शेपटी असलेले, पोहणारे. आणि पार्मेलीस म्हणून जे आहेत त्यांच्या अंगावर सिलिकेच्या पट्ट्या असतात, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. म्हणजे सिलिका घडवायची कला बहुधा डायटमच्या डब्याच्या आधीची. आधी पट्ट्या असाव्यात, दोन भागांचं कवच नंतर. पण नेमके टप्पे दाखवणारे जीवाश्म नाहीत.

विश्वामित्रीकाठ

सर, ताई, दोघांचे मनापासून आभार. भिंतीवरची ओळ काढली. आता चित्रं फांद्यांसारखी लावली आहेत, अकनँथिडियम सिम्बेलाजवळ, सायक्लोटेला ऑलाकोसायरापासून लांब. आईने विचारलं हे काय झाड काढलंयस, तर तिला बसवून सगळं सांगितलं, आणि बुजवलेल्या रॅफीपाशी तीही गप्प होऊन ऐकत राहिली.

काल काळाघोड्याहून ताजा नमुना आणून तसाच काचेवर ठेवला. दोन हरितलवकांचे खूप, आणि ताई, एक एचच्या आकाराचा सापडला! फोटो काढलाय.

आता शेवटचा प्रश्न. निट्झशिया. माझ्या स्लाइडवर एका पेशीत कडेचे ठिपके वरच्या व्हॉल्व्हला उजवीकडे आणि खालच्याला डावीकडे दिसतात. काही ठिकाणी दोन्ही एकाच बाजूला असल्यासारखे वाटतात. हे मी चुकीच्या फोकसला बघतेय की दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

दांडियाबाजारचे सर

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि हे तू पाहिलंस याचा मला फार आनंद झाला.

ते ठिपके म्हणजे फिब्युले, रॅफीच्या नळीखालचे आडवे आधार. निट्झशियात साधारणपणे दोन व्हॉल्व्हच्या रॅफी तिरक्या समोरासमोर असतात, एक उजव्या कडेला तर दुसरी डाव्या. हँट्झशियात दोन्ही एकाच कडेला. पूर्वी या एका खुणेवर दोन वंश स्वच्छ वेगळे वाटायचे. जनुकांनी दाखवलं की हँट्झशिया निट्झशियाच्या फांद्यांच्या मधूनच निघतो. म्हणजे निट्झशिया या नावाखालचं सगळं एका बंद घराण्याचं नाही. फिब्युले मात्र दोघांत आहेत, आणि त्या खुणेने त्यांना नॅव्हिक्युलापासून वेगळं करता येतं.

पण आधी खात्री कर. सुट्या व्हॉल्व्हवर हे ठरवता येत नाही, पूर्ण पेशी लागते, कारण दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या संदर्भात बघायचे असतात. जिवंत नमुना घे, पाणी थोडं जास्त ठेव, आणि सुईच्या टोकाने कव्हरग्लासवर हलकं टकटक कर. पेशी लोळते आणि कमरेच्या बाजूने वळते. वळताना वरच्या व्हॉल्व्हची ठिपक्यांची ओळ कुठल्या कडेला आहे ते टिपून ठेव, मग फोकस खाली ने आणि खालच्याची ओळ बघ. दोन्ही ओळी एकाच कडेला सतत मिळाल्या तर तो निट्झशिया पालेआ नाही, हँट्झशिया असण्याची शक्यता धर. मग त्याच्या रेघा आणि ठिपके मोजून इथे लिही. विश्वामित्रीच्या नमुन्यात दोन्ही मिळाले तर मलाही एक ताजी बाटली दे, मी दांडिया बाजारातच राहतो.